ध्यानाला बसल्याने चळवळ बसत नाही

"ताई, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे ऐकलंय. डोळे मिटून बसा हे बाबासाहेबांनी कुठं सांगितलंय?"

पालेगावच्या आमच्या विहाराच्या दारात एका तरुण कार्यकर्त्याने मला हा प्रश्न विचारला. रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण तिथे आनापानाला बसतो. कोणी आनंदनगर एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून आलेला असतो, तर कोणी आठवडाभर अंबरनाथहून लोकलला लोंबकळत मुंबई गाठणारी. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या बांधकामाचा आवाज सुट्टीच्या दिवशीही थांबत नाही. अशा ठिकाणी शांतता शोधणारे आम्ही त्या पोराला वेडे वाटलो असू तर नवल नाही.

प्रश्न रागाने विचारलेला होता, पण चुकीचा नव्हता. आपल्या समाजाला 'शांत राहा' हे कोणी कोणी सांगितले, त्याचा हिशेब काढून पाहा. मार खाणाऱ्यालाच शांत राहायला सांगतात. मारणाऱ्याला कोणी शिबिराला पाठवत नाही. (तिहारमध्ये १९९४ साली हजारावर कैद्यांचे विपश्यना शिबिर झाले होते हे मला ठाऊक आहे. पण तुरुंगात शेवटी कोण पोचतात, हे वकिलाला कोणी सांगायला नको.) आज तर बारा-बारा तास राबवून घेणाऱ्या कंपन्याही कामगारांना ताणमुक्तीचे धडे देतात. पगार वाढवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

गोएंका गुरुजींनी १९६९ साली म्यानमारहून येऊन विपश्यना भारतात पुन्हा रुजवली. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरे होत आहेत. आपले हजारो लोक तिथे दहा दिवस मौन पाळून आले. शिबिराला फी नाही, त्यामुळे गरिबालाही दार उघडे राहिले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्या प्रवचनांत जातीचा प्रश्न जवळपास येत नाही, ही आपल्याकडची तक्रारही जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. संघरक्षितांचे शिष्य लोकमित्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात आले. त्यांच्या कार्यकर्त्यांनी आनापान आणि मैत्री भावना शिकवतानाच वसतिगृहे आणि आरोग्याची कामेही उभी केली. मला तो मेळ अधिक पटतो.

आता त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर. ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्येच आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठीत येऊन आपल्या घराघरात पोचला. आपण त्याला फुले वाहतो, पाने मात्र कमी उलटतो. बाल सिद्धार्थ कपिलवस्तूतल्या भारद्वाजाकडून ध्यान शिकला आणि वडिलांच्या शेतावर काम नसले की एकांतात जाऊन बसे, हे बाबासाहेबांनी लिहिले आहे. त्याच सिद्धार्थाला शस्त्रविद्याही शिकवली गेली, हेही लिहिले आहे. दोन्हींत त्यांना विरोध दिसला नाही.

पुढे बोधिवृक्षाखालच्या चार आठवड्यांचे वर्णन येते. चार पायऱ्या आहेत आणि पहिली पायरी आहे तर्क आणि चौकशीची! एकाग्रता दुसरी. म्हणजे बाबासाहेबांचा बुद्ध डोके रिकामे करायला बसलेला नाही. जगात दुःख आहे, ते दूर कसे करायचे, हा प्रश्न घेऊन तो बसला आहे.

आणि अष्टांगिक मार्गातल्या सम्यक समाधीविषयी तर बाबासाहेब वकिलासारखे काटेकोर होतात. लोभ, द्वेष, आळस, शंका आणि अनिश्चय हे पाच अडथळे. नुसत्या समाधीने ते दबतात, पण ध्यान चालू आहे तेवढा वेळच. उठलात की परत हजर. मनाला कायमचे वळण लागायला हवे, आणि ते लागते कुशल कर्माचा विचार करण्याची सवय लावल्याने. हीच सम्यक समाधी. सकाळी वीस मिनिटे बसून घरी सुनेला टोचून बोलणारी माणसे आपण पाहतो. त्यांची समाधी झाली असेल, सम्यक झालेली नाही.

माझेच सांगते. अॅट्रॉसिटीच्या एका प्रकरणात मी पीडितेच्या बाजूने उभी होते. आरोपीचा जामीन अर्ज लागल्याचे आम्हाला आदल्या संध्याकाळी कोणाकडून तरी कळले, धावत पोचलो. युक्तिवाद करताना समोरच्या वकिलांनी शेरा मारला, 'या केसेस नुकसानभरपाईसाठी होतात.' माझे डोके फिरले. मी त्या शेऱ्यावरच बोलत राहिले, आवाज चढवून. कलम १५-अ नुसार पीडितेला अशा सुनावणीची वेळेत नोटीस मिळाली पाहिजे, तिचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. नोटीस मिळालेलीच नव्हती! माझ्या टिपणात पहिल्याच ओळीत ते लिहिले होते. ते मांडायचे राहून गेले आणि जामीन झाला.

हे कलम २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यात आले, २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. त्यामागे कित्येक वर्षांची आपल्या लोकांची धडपड आहे. ही नोटीस बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ साली स्पष्ट केले. आणि मी तो मुद्दा एका टोमण्यापायी घालवला. बाहेर पायऱ्यांवर त्या बाई मला काही बोलल्या नाहीत. आपल्या बाटलीतले पाणी दिले.

त्यानंतर मी बसायला लागले. राग घालवायला नव्हे. तो राग मला हवा आहे, फक्त तो माझ्या टिपणाच्या पहिल्या ओळीवर टिकला पाहिजे.

शिकायला फार काही लागत नाही. चटईवर किंवा खुर्चीवर ताठ पण सैल बसायचे. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, रोखायचा नाही. प्राणायाम वेगळा, आनापान वेगळे. जसा येईल तसा श्वास नाकपुड्यांशी जाणायचा. सुरुवातीला प्रत्येक श्वास सुटल्यावर एक, दोन असे मोजत दहापर्यंत जायचे आणि पुन्हा एकवर यायचे. मोजणी पाचाच्या आत तोडू नये, दहाच्या पुढे नेऊ नये, असे बुद्धघोषांच्या 'विशुद्धिमग्गा'तही आहे. त्यात द्वारपालाचा दाखला येतो. शहराच्या आत कोण, बाहेर कोण, याची उठाठेव द्वारपाल करत नाही, दारात आलेल्याकडे पाहतो. पालेगावात हे समजवायला मला कष्ट पडत नाहीत. दर सोसायटीला वॉचमन आहे, आणि त्यातले काही आमच्याच रांगेत बसतात.

मन पळणारच. पळाले हे लक्षात आले की परत आणायचे, स्वतःला शिव्या न घालता. पहिले काही आठवडे बहुतेकांना झोप लागते. रात्रपाळीवाल्याला लागली तर आम्ही उठवत नाही. ज्यांची झोप महिनोन्महिने उडाली आहे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात, त्यांनी आधी डॉक्टर गाठावा. चटई नंतर.

१४ एप्रिलला आपण ठिकठिकाणी १८ तास अभ्यासाचा उपक्रम करतो. खरे सांगा, त्यात मोबाइलला हात न लावता सलग एक तास किती जण वाचतात? आणि जयंतीच्या मीटिंगमध्ये डीजेवरून सुरू झालेले भांडण दुसऱ्या समितीची पावती छापली जाईपर्यंत जाते, तेव्हा आपल्याला अडवणारा मनुवादी त्या खोलीत नसतो. तिथे द्वेष आणि शंका असतात, पाचांतले दोन.

तो कार्यकर्ता नंतर दोनदा येऊन बसला. दुसऱ्या वेळी उठून म्हणाला, "ताई, सगळा वेळ डोक्यात निवेदनच होतं." मी म्हटले, मग आधी ते लिहून काढ. त्याने विहाराच्या पायरीवर बसून लिहिले. दीड पान झाले, एकही शिवी नव्हती, तीन मागण्या होत्या. सोमवारी आम्ही ते घेऊन नगरपरिषदेत गेलो.