जुनी बॅटरी खोडाळ्याला पाठवून देऊ!

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये गाड्यांवरून गप्पा चालल्या होत्या. आमच्या टीममधल्या एकाने दोन वर्षांपूर्वी हायब्रिड गाडी घेतलीय. मायलेजचे आकडे तो रोज जेवताना सांगतो, त्यामुळे आता कुणी ऐकत नाही. पण परवा टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने त्याला एक साधा प्रश्न विचारला.

"आणि बॅटरी गेली की?"

"आठ वर्षांची वॉरंटी आहे."

"आणि त्यानंतर?"

साहेब गप्प. मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, "जुनी बॅटरी याच्या खोडाळ्याला पाठवून देऊ! पाड्यावर दिवे लागतील. सीएसआरमध्येही बसेल." सगळे हसले, मीही हसलो. पण दुपारी चारला खरंच मेल आला. विषय: 'जुन्या बॅटऱ्या, खोडाळा प्रोजेक्ट'. लोकल कॉन्टॅक्ट म्हणून माझं नाव. आपल्याकडे चेष्टेचा प्रोजेक्ट व्हायला एक चहा पुरतो!

त्या मेलला मी अजून उत्तर दिलेलं नाही. शनिवार-रविवार डोक्यात तेच होतं, म्हणून आधी इथे लिहितोय.

खोडाळा माहीत नसेल त्यांच्यासाठी: कसाऱ्याला लोकल सोडायची, विहीगाववरून घाट-जंगलाचा रस्ता धरायचा, की खोडाळा येतं. तालुका मोखाडा. जिल्हा पूर्वी ठाणे, २०१४ पासून पालघर. जवळच देवबांधचा गणपती आणि वर सूर्यमाळ. माझे वडील तिथे शाळेत शिक्षक होते, सातवीपर्यंत मी तिथेच वाढलो. आजूबाजूच्या पाड्यांवर वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी लोक. नाचणी-वरईची शेती. दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर कामाला निघून जातात. पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही.

आता मुद्द्याकडे. ती कल्पना वेडगळ नाही, हे आधी कबूल करतो.

हायब्रिड गाडीतला बॅटरी पॅक म्हणजे एक मोठी बॅटरी नसते. टोयोटाची प्रियस १९९७ मध्ये जपानमध्ये आली, तिच्या २००३ च्या मॉडेलचंच उदाहरण घेऊ. त्यात निकेल-मेटल हायड्राइडचे २८ मॉड्यूल एकापुढे एक जोडलेले. प्रत्येकी ७.२ व्होल्ट, म्हणजे एकूण २०१.६ व्होल्ट. दिवाळीच्या लायटिंगच्या माळेसारखा प्रकार. दोन-तीन मॉड्यूल अशक्त झाले की गाडीचा कॉम्प्युटर अख्ख्या पॅकला नापास करतो. बाकीचे मॉड्यूल मात्र ठीकठाक असू शकतात. शिवाय गाडीला क्षणात भरपूर करंट लागतो, आणि तो देता आला नाही की पॅक गाडीच्या कामाचा राहत नाही. घरातल्या दिव्याला तेवढी घाई नसते.

गणित करून बघा. नवीन असताना या पॅकची क्षमता साधारण १३०० वॅट-तास. निम्मी उरली असं धरलं तर ६५०. एका घरात पाच वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास लावले तर १०० वॅट-तास लागतात. थोडं राखून ठेवलं तरी एका 'मेलेल्या' पॅकवर चार-पाच घरं रात्री उजळतात. हे प्रत्यक्षात केलंही गेलंय. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये २०१५ मध्ये लामार बफेलो रँच इथे कॅमरी हायब्रिडचे २०८ वापरलेले पॅक सोलरला जोडले. ८५ किलोवॅट-तासांची साठवण, आणि जिथे विजेची लाइन नाही तिथल्या इमारती त्यावर चालल्या.

मग खोडाळ्यात का नको?

कारण एकदा आम्ही हे करून बसलोय.

२०१८. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्या ग्रुपने वर्गणी काढून खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर २६ सोलर दिव्यांचे संच दिले. एक छोटं पॅनल, दोन दिवे, आणि पत्र्याच्या डब्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी. गाव माझं, म्हणून पुढाकार माझा. नारळ फोडला, फोटो काढले, आणि फोटो फेसबुकवर टाकून परत आलो. अशी बॅटरी रोज पूर्ण उतरवली तर लवकर बसते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पुस्तकात होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण बॅटरी बसल्यावर काय, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

गेल्या वर्षी दिवाळीत त्या पाड्यावर गेलो. एका घराच्या ओट्यावर आमचं पॅनल ओळखीचं वाटलं. त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. घरचे काका म्हणाले, "दादा, तुमचा दिवा दोन पावसाळे चालला. मंग बंद पडला."

"आणि बॅटरी?"

"ती फोडली ना. आत शिसं निघालं चांगलं." त्यांनी आढ्याला टांगलेलं मासे धरायचं जाळं दाखवलं. जाळ्याच्या कडेला वजनं लावलेली. आमच्या बॅटरीतलं शिसं चुलीवर वितळवून केलेली. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्याला लाकडाची चूल पुरते. आतलं पाणी कुठे गेलं विचारलं, तर परसात ओतलं म्हणाले. 'पाणी' म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. हे सगळं चालू असताना त्यांचा चार-पाच वर्षांचा नातू शेजारी त्या वजनांशी खेळत होता. एक तर त्याने तोंडातही घातलं.

त्या पोराला काही झालंय असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांचा २०२० चा अहवाल सांगतो की जगातल्या दर तीन मुलांपैकी साधारण एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करण्याइतकं आहे, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे लेड-ॲसिड बॅटऱ्या उघड्यावर फोडणं आणि वितळवणं. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

यात त्या काकांची चूक शोधू नका. त्यांनी घरात पडलेल्या वस्तूचा उपयोग केला. आपण त्याला कौतुकाने 'जुगाड' म्हणतो ना, तेच. चूक देणाऱ्याची, म्हणजे माझी. सी शिकताना पहिल्याच महिन्यात सर सांगतात की मेमरी घेतली की परत करायची, मॅलॉक लिहिलंत तर खाली फ्री लिहा. आम्ही २६ वेळा मॅलॉक केलं आणि घरी आलो.

बरं, तेव्हा नियम नव्हता असंही नाही. लेड-ॲसिड बॅटऱ्या परत गोळा करण्याचा नियम आपल्याकडे २००१ पासून होता. २०२२ मध्ये त्याच्या जागी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले आणि सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या त्यात आल्या. हायब्रिड गाडीचा पॅकसुद्धा त्यात इलेक्ट्रिक वाहनाची बॅटरी म्हणूनच धरलाय. बॅटरी बाजारात आणणाऱ्याने ती परत गोळा करून रिसायकल होईल हे बघायचं. जुनी दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्याने राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची. जमिनीत पुरणं, जाळणं बंद. कागदावर चोख आहे सगळं. पण कागदावरची साखळी शहरातल्या शोरूमपासून सुरू होते. तोच पॅक 'दान' म्हणून पाड्यावर पोचला की साखळीतून सुटला. तिथून तो परत कोण आणणार?

आणि हायब्रिडचा पॅक आमच्या डब्यापेक्षा अवघड प्रकरण आहे. लेड-ॲसिडला निदान भंगारात भाव आहे, म्हणून कुणीतरी ती उचलतो तरी. निकेल-मेटल हायड्राइडमधलं निकेल आणि दुर्मीळ मृदा धातू मौल्यवान आहेत, होंडाने २०१२ पासून जपानमध्ये जुन्या पॅकमधून ते धातू काढायला सुरुवात केली. पण त्याला कारखाना लागतो. खोडाळ्याच्या भंगारवाल्याला त्याचा काय उपयोग? आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, कातडी भाजते. पॅक जोडलेला असताना २०० व्होल्ट डीसी, माणूस मरू शकतो. लिथियमचा पॅक फोडला तर आग. हे पॅक फोडून बघायची वस्तूच नाही, पण शिशाचा अनुभव घेतलेला माणूस ते फोडणारच!

"मग काय लोकांना अंधारात ठेवायचं?" असं मला मेलवर नक्की विचारलं जाणार. नाही. दिवे हवेतच. पण यलोस्टोनमध्ये नुसते पॅक नेऊन टाकले नव्हते. पॅकवर लक्ष ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स होतं, माणसं होती. आपल्या मेलमध्ये बजेटचा तक्ता आहे, त्यात पॅनल, वायरिंग, ट्रान्सपोर्ट, उद्घाटन (हो, उद्घाटनसुद्धा!) आहे. परत आणण्याचा खर्च ही ओळच नाही.

दुसरं एक जास्त बोचतं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, २०१४ मध्ये पूर्ण झालं, आणि पाणी जातं मुंबईला. त्याच तालुक्यातल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. चांगलं ते तिकडून आपण आणायचं, आणि आपल्याकडे नापास झालेलं तिकडे पाठवून वर फोटो काढायचा, याला मदत म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तर माझं उत्तर असं. प्रोजेक्ट करू, पण चार अटींवर. एक, नोंदणी असलेल्याकडूनच तपासून-जोडून घेतलेले पॅक, आणि पाड्यावर १२ व्होल्टच्या वर काही उघडं नाही. दोन, पॅक घराघरात न देता एका ठिकाणी कुलपात, आणि देखभालीला गावातलाच शिकवलेला मुलगा किंवा मुलगी, पगारावर. तीन, परत आणण्याचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढलेले. चार, डब्यावर मराठीत ठळक अक्षरात: फोडू नका, या नंबरवर फोन करा, जुना द्या आणि नवा घ्या. हे जमणार नसेल तर सरळ नवीन बॅटरी घेऊन देऊ, आणि जुना पॅक कंपनीला परत जाऊ दे.

आपल्याकडे हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड विटारा या हायब्रिड गाड्या बाजारात आल्या २०२२ च्या सुमारास. आठ वर्षं धरा, म्हणजे २०३० नंतर हे पॅक ढिगाने निघतील. तेव्हा प्रत्येक ऑफिसात कुणीतरी 'गावाला पाठवू' म्हणेल आणि त्याला खरंच चांगलंच करायचं असेल. आमचंही २०१८ मध्ये चांगलंच करायचं होतं.

असो. पुढच्या शनिवारी मी खोडाळ्याला जातोय. २६ पैकी नऊ डबे अजून न फोडलेले आहेत, असं काकांनी फोनवर सांगितलं. नऊ नवे डबे घेऊन जाईन, जुने गाडीत घालून आणीन आणि बॅटरी डीलरकडे रीतसर पावती घेऊन देईन. जाळ्याची वजनंही मागणार आहे, बदल्यात लोखंडाची घेऊन जातोय. गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत. मेलमध्ये ज्यांनी ज्यांनी 'ग्रेट आयडिया' लिहिलंय, त्यांच्यापैकी कोण येतंय?