‘नकळत दारू सोडवा’च्या जाहिराती पुसून टाका



एसटी स्टँडची भिंत, विजेचा खांब, रिक्षाची पाठ. सगळीकडे तीच जाहिरात: ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’, खाली मोबाइल नंबर. संसार मोडायला आलेली बाई तो नंबर फिरवते, डोरलं गहाण टाकून पुड्या आणते आणि नवऱ्याच्या कालवणात मिसळते. तिला आम्ही बोल लावणार नाही. आमचा राग पुड्या विकणाऱ्यावर आहे.

पुडीत काय आहे हे तो सांगत नाही. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल तर काय होतं ते ऐका. पोटात गेलेल्या दारूपासून यकृत आधी एक विषारी द्रव्य बनवतं आणि मग तेही मोडून काढतं. हे औषध नेमकं ते मोडणंच अडवतं. विष साचतं, घोटभर दारूनेही तोंड लाल होतं, उलट्या सुरू होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर माणूस दगावतो. म्हणूनच डॉक्टर हे औषध रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून आणि शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्यावरच सुरू करतात. ते बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारू बाधू शकते. ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही, तो संध्याकाळी गुत्त्यावर जाणारच!

खोलीत कोंडून दारू तोडणंही तितकंच घातक. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी थांबली की हात कापतात, झटके येऊ शकतात, दोन-चार दिवसांत भास होऊ लागतात. मग ‘बाहेरचं झालं’ म्हणून त्याला देवऋषाकडे नेतात. तिथे वेळ घालवू नका, १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. अशी दारू तोडण्यातही जीव जातो.

‘पण तो कबूलच करत नाही, त्याला सांगून काय उपयोग?’ हा प्रश्न खरा आहे. नाकारणं हा या आजाराचाच भाग. पण तो येत नसेल तर आधी तुम्ही जा. व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक घरच्यांशीही बोलतात: कर्ज कुणी फेडायचं, साहेबाला खोटं कुणी सांगायचं, मार कुठवर सोसायचा. (मार तर एकदाही सोसायचा नाही.) व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी १४४४६ हा सरकारी नंबर फुकट आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथे कुटुंबालाही उपचारात धरतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना फी नाही. तिथे दारू सुटलेली माणसंच नव्याला हात देतात. सुटलेली दारू पुन्हा लागली तर घराबाहेर काढायची घाई नको. मधुमेह उलटला की आपण पुन्हा डॉक्टरकडे जातोच ना?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्या ३७ घरांवरच पुडीवाल्यांचा धंदा चालतो.

येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: गावातली अशी प्रत्येक जाहिरात चुना लावून पुसायची, त्या जागी १४४४६ लिहायचं, आणि व्यसनाच्या उपचारांसाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेला दिवस आणि डॉक्टर मागायचा.