तंबू ठोकण्याआधी

शनिवारची सकाळ. सायकलची चेन डिझेलने पुसून झालीये, हात कोपरापर्यंत काळे आहेत आणि "त्या हातांनी कीबोर्डला शिवू नकोस" असा घरातून दम मिळालाय. तरी बसलोय लिहायला. कारण परवा ऑफिसात आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने जिन्यात गाठलं. "सर, तुम्ही कोयनेच्या पाण्यापलीकडे सायकली घेऊन जाता ना? तिथलं लोकेशन पाठवा ना. आम्ही सहाजण आहोत, तंबू आहेत, एकदम अनटच्ड जागा पाहिजे. जिथे कुणीच नसेल."

मी म्हटलं, पाठवतो. आणि पाठवलं नाही. का नाही पाठवलं हे त्याला जिन्यात उभ्याउभ्या सांगता आलं नसतं, म्हणून हा उपद्व्याप.

आधी तो भाग कुठला ते सांगतो. सातार्‍याहून यवतेश्वरचा घाट चढून कास, कासवरून खाली उतरलं की बामणोली. पुढे रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. सायकली लाँचमध्ये आडव्या टाकायच्या, आपण त्यांना धरून बसायचं आणि तापोळ्याला उतरायचं. तिथून पलीकडे जायला आम्ही गेलो तेव्हा तराफा होता, जीप आणि माणसं आणि सायकली सगळं एकाच तराफ्यावर. पलीकडे कांदाटीचं खोरं. चकदेव, पर्वत, महिमंडणगड ही नावं ट्रेकर मंडळींना माहीत असतील. सायकलवाले मात्र तिकडे फारसे फिरकत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे म्हणा. उतारावर इतके गोटे की पुढचं सस्पेन्शन असूनही मनगटं बधिर होतात, चढावर सगळ्यात हलका गिअर टाकूनही उतरून ढकलावीच लागते. आम्ही घरी सांगतो सायकलिंगला गेलो होतो. खरं म्हणजे सायकलला फिरवायला गेलो होतो.

पण काय सांगू, वेड लागतं. दिवसभरात दोन-चार माणसं भेटतात. संध्याकाळी पाणी तांबूस होतं. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे सर्व्हर पडला तरी आपल्याला कळणार नाही. आयटीतल्या माणसाला यापेक्षा वेगळा स्वर्ग काय असतो?

तर काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. आम्ही तिघं. दुपारी एकाच्या सायकलचा मागचा हँगर वाकला, तो पान्याने सरळ करण्यात दीड तास गेला आणि ठरवलेल्या जागेपर्यंत पोचता आलं नाही. अंधार पडायला आला तेव्हा वाटेच्या खाली एक छान सपाट तुकडा दिसला. शेजारी ओढा, त्यात अजून पाणी. दोन मोठी झाडं. घर नाही, दिवा नाही, कुत्र्याचं भुंकणं नाही. आणि कहर म्हणजे तुकड्याच्या कडेला वाळलेल्या फांद्यांचे भारे व्यवस्थित रचून ठेवलेले, पानांसकट. एकजण म्हणाला, "च्यायला, आपल्यासाठी सरपण तयार ठेवलंय कुणीतरी." आम्ही हसलो. तंबू ठोकला, मॅगी केली, आणि मग रात्री दोनपर्यंत शेकोटी. ती पानं काय मस्त भडकायची, एक भारा टाकला की सगळा ओढा उजळायचा. फोटोही काढले.

सकाळी सहा-साडेसहाला तंबूबाहेर आवाज. "कोन हाय रं आत?"

बाहेर एक आजी उभ्या. हातात कोयता, डोक्याला पदर. त्या आमच्याकडे बघतच नव्हत्या, राखेकडे बघत होत्या.

"किती भारं जाळलं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मोजले कुणी होते? मी म्हटलं, "आजी, सरपण होतं ना ते? आम्ही पैसे देतो."

"सरपान न्हवं बाबा. राबाचं कवळ व्हतं."

आता आमच्यापैकी कुणाच्या बापजन्मात राब म्हणजे काय ते माहीत नव्हतं. शाळेत भूगोलात एक ओळ असेल, परीक्षेनंतर विसरलेली. तर तुम्हीही माझ्यासारखे असाल म्हणून सांगतो. भाताची, नाचणीची रोपं ज्या छोट्या तुकड्यात तयार करतात त्या तुकड्यावर पावसाळ्याआधी फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळतात. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राख मिसळते आणि पाऊस पडला की तिथे पेरतात. त्यासाठी हिवाळ्यापासूनच झाडांवर चढून डहाळ्या तोडायच्या, भारे बांधायचे, वाळवायचे. म्हणजे आम्ही रात्री ज्याच्यापुढे गाणी म्हटली ते आजींच्या जूनच्या पेरणीतलं पहिलं काम होतं. आणि जिथे तंबू होता तोच तो तुकडा.

आम्ही पाचशे रुपये पुढे केले. त्यांनी लगेच घेतले नाहीत. म्हणाल्या, "पैशाचं काय करू? झाडावर चढायचं कुनी आता? पोरगा मुंबईला हाय माथाडीत. शिमग्याला येतो दोन दिस." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "इचारलं असतंत तर वाडीत आला असता की. देवळात झोपला असता." घर दिसत नव्हतं खरं, पण वाडी वरच्या वळणामागे दहा मिनिटांवर होती. आमचा उजेड त्यांनी रात्री बघितला होता. तिथे माणसं आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं, पण आम्ही आहोत हे त्यांना पूर्ण माहीत होतं.

तुम्हाला वाटेल आता आजींनी चहा पाजला आणि आम्ही पाया पडलो वगैरे. तसं काही झालं नाही. त्यांनी शेवटी पैसे घेतले, कमरेला खोचले आणि राहिलेले भारे मोजत बसल्या. त्यांच्याबरोबर दोन दिवस थांबून फांद्या तोडायला हव्या होत्या, एवढं त्या क्षणीसुद्धा कळत होतं. पण दुसर्‍या दिवशी सोमवार होता आणि माझ्या डोक्यात रिलीज होतं. आम्ही निघालो.

त्यानंतर मी या विषयावर बराच विचार केलाय, आणि माझं मत असं झालंय की सह्याद्रीत "जिथे कुणीच नसेल" अशी तंबूची जागा नसतेच. यात भावुकपणा काही नाही, साधा हिशोब आहे. तंबूला काय लागतं? सपाटी, पाणी, सावली. शेताला काय लागतं? घराला? देवाला? तेच. डोंगराळ मुलखात या तीन गोष्टी एकत्र येतात अशा जागा थोड्या, आणि त्या आपल्या आधी शेकडो वर्षं लोकांनी शोधून ठेवल्यात. ती जागा शेत असेल, गुरं बसायची जागा असेल, देवराई असेल, गायरान असेल. पाण्याकाठची मऊ मोकळी पट्टी बघून तुम्ही खूश व्हाल, पण धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडणार्‍या त्या गाळाच्या जमिनीतही लोक पीक काढतात, गाळपेर म्हणतात त्याला. आणि यातलं काहीच नसेल तर ते जंगल असेल. मग तिथे वेगळे मालक आहेत, अस्वल आणि गवे. शिवाय वनखातं.

आणि या खोर्‍याला तर पाहुण्यांचा अनुभव दांडगा आहे. १९६० च्या दशकात धरणाचं पाणी चढलं आणि नदीकाठची चांगली जमीन, गावं, देवळं खाली गेली. माणसं उठून दूर गेली किंवा डोंगर चढून वर बसली. त्या पाण्यावर आज १९६० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प उभा आहे, माझा कॉम्प्युटर त्यातल्याच थोड्या विजेवर चालत असेल. १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत कास आणि कोयना आले. यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी योग्य असेलही. मी स्वतः वाघाच्या बाजूचा माणूस आहे. पण दर वेळी तिथल्या माणसाला सांगण्यात आलं की ही जागा आता दुसर्‍या कशासाठी तरी आहे. आणि मग सगळ्यात शेवटी आम्ही आलो, हेल्मेट घालून, आणि म्हणालो, वा, काय अनटच्ड आहे!

आता यावर आमच्या सायकलवाल्या मित्रांचा ठरलेला मुद्दा: "अरे, युरोपात तर कायद्याने हक्क आहे, कुठेही तंबू ठोका." बरोबर आहे. नॉर्वेत १९५७ चा कायदा आहे, स्कॉटलंडमध्ये २००३ चा. पण कायदा नीट वाचा की राव. नॉर्वेत राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं, शेतात नाही. स्कॉटलंडमध्ये हक्क आहे तो जबाबदारीने वागणार्‍याला, आणि कसं वागायचं याची लेखी संहिता आहे. आपण काय करतो, तिथला हक्क व्हिडिओत बघतो आणि नियमावली तिथेच ठेवून येतो. लायसन्स न वाचता कोड उचलण्यासारखंच हे! आपल्याकडे असा सर्वसाधारण हक्कच नाही. खाजगी जमीन असेल तर मालकाला विचारा, अभयारण्य असेल तर वनखात्याची परवानगी काढा. वासोट्याला जायचं तर बामणोलीत परवानगी घ्यावीच लागते. राखीव जंगलात आग पेटवणं तर १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे.

दुसरा मुद्दा जास्त प्रामाणिक आहे: "विचारायचं, नाव सांगायचं, पैसे द्यायचे, मग त्यात मजा काय राहिली? एवढ्यासाठीच तर ऑफिस सोडून आलो." हे मला पटतं. मीही त्याच भुकेने जातो. पण माझा अनुभव उलटा आहे. त्या प्रसंगानंतर आम्ही एक नियम केला: दुपारी चारला सायकल थांबवायची आणि पहिल्या वाडीत जाऊन विचारायचं. झोपू कुठे, पाणी कुठलं प्यावं, उद्याची वाट चालू आहे का. याने किती फायदा झाला सांगू? नकाशावर ठळक दिसणारी एक वाट करवंदीच्या जाळीत केव्हाच गडप झालीये हे आम्हाला आधी कळलं, नाहीतर सायकली खांद्यावर घेऊन उलटं फिरलो असतो. एकदा ओढ्याकाठी झोपायला निघालो तर एक काका म्हणाले, "तिथं नगा, रातच्याला गवं पान्यावर येत्यात." आम्ही देवळाच्या ओसरीत झोपलो. पहाटे ओढ्यावर शिंगांच्या सावल्या दिसल्या, तिथे आमचा तंबू असता तर हे लिहायला मी असतो की नाही कोण जाणे. आणि एकदा चक्क "नको, इथे राहू नका" असंही उत्तर मिळालं, कारण सांगितलं नाही. आम्ही पुढे गेलो. नाही म्हणायचा हक्क त्यांना असेल तरच विचारण्याला अर्थ आहे ना.

सगळं बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. काही मंडळी लगेच बंदी मागतात. तरुण पोरं मुंबईला गेलेल्या वाडीत दोन रात्रींचे पैसे, चार भाकर्‍यांचे पैसे यायला हवेतच. फक्त ते थेट त्या घरात जावेत. ओळीने पन्नास तंबू, मोठा स्पीकर आणि सकाळी बाटल्यांचा खच हा प्रकार धरणाकाठी इतरत्र आपण बघितलाय, तो इथे नको. आणि सायकलवाल्यांना एक जादा विनंती. पावसाळ्यात नि नंतर फुलं असताना कातळ-सड्यांवर चाकं घालू नका. तिथली माती बोटभर जाडीची, एक चाकोरी पडली की पाणी त्यातूनच वाहतं आणि आहे तेवढी मातीही जाते. बैलगाडीच्या वाटा आहेत, पाणंदी आहेत, तेवढं पुरेसं आहे. शेकोटी नाही म्हणजे नाही, स्टोव्ह न्या. आणि जागेचं लोकेशन चारचौघांत वाटू नका. म्हणूनच त्या वाडीचं नाव इथेही लिहिलेलं नाही.

दोन वर्षांनी मी त्या वाटेने परत गेलो होतो. विचारत विचारत वाडीत पोचलो. आजी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं आणि दाखवलं नाही. रात्री देवळात झोपायची परवानगी दिली. जेवण झाल्यावर बराच वेळ मनात होतं की विचारावं, त्या साली रोपं झाली का? भात लावला का? धाडस झालं नाही. अजूनही ते उत्तर माझ्याकडे नाही आणि आता मिळेल असं वाटत नाही.

तर मित्रा, लोकेशन पाठवत नाही, राग मानू नकोस. बामणोलीपर्यंतचा रस्ता तुला माहीत आहे. लाँचवाल्याला विचार, तराफ्यावर शेजारी उभा असेल त्याला विचार, चार वाजता पहिली वाडी दिसेल तिथे सायकल थांबवून विचार. सहाजण असाल तर आधी दोघांनीच जा, सगळे एकदम अंगणात घुसू नका. आणि कडेला रचून ठेवलेलं काहीही दिसलं तरी हात लावू नकोस.

असो. चेन वाळली असेल, तेल सोडायचंय.