वाळवंटी डोंगरांचा नकाशा आणि आपले बांध

पाऊस कमी म्हणून जिराईत बुडते, असे आपणांकडे सर्रास म्हटले जाते. पडलेला पाऊस कोणत्या वाटेने निघून जातो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. याचे उत्तर उंचसखलपणा दाखविणाऱ्या नकाशात आहे, असे आमचे मत आहे.

पश्चिम आशियातील नेगेव्ह हा ओसाड डोंगराळ मुलूख घ्या. सन १९१४ च्या आरंभी इंग्रज लष्करातील कॅप्टन न्यूकम यांनी त्याची मोजणी केली. वूली व लॉरेन्स हे पुराणवस्तुसंशोधक सोबत होते. परंतु प्राचीन अवशेषांचा शोध हे निमित्त, खरा हेतू लष्करी. शिपायाने तेथे वाट व पाणवठा शोधला. शेतकऱ्याने उतार पाहावा.

तेथील अव्दात येथे वर्षाकाठी सुमारे चार इंच पाऊस पडतो. तरीही नबाती व पुढे बायझंटाईन काळात तेथे शेती होत असे. पावसाने तेथील मातीवर पापुद्रा धरतो आणि पाणी न मुरता वाहू लागते. ते पाणी चरांनी वळवून घळीतील दगडी तालींमागे घेत. एका एकर शेतामागे वीस ते तीस एकर डोंगर राखीत. पंचवीस एकरांवरील पावसाचा दहावा हिस्सा जरी खाली आला, तरी शेतास दहा इंच जादा पाणी मिळते. सन १९५९ मध्ये प्राध्यापक एवेनारी व त्यांचे सहकारी यांनी तेथील जुनी शेती पुन्हा उभारून फळझाडे वाढविली.

आपला गावनकाशा गटाची हद्द दाखवितो, उतार नव्हे. म्हणून बांध हद्दीवर पडतो आणि मोठा पाऊस त्यास फोडून मातीही नेतो. पाणी सातबारा वाचीत नाही. एकाची हद्द ओलांडून गावाची बांधबंदिस्ती करता यावी, याकरिता मुंबई इलाख्यात सन १९४२ मध्ये कायदाही झाला होता.

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशातील समोच्चरेषा वीस-वीस मीटरांच्या अंतराने असतात, त्यांवरून बांधाची जागा ठरत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. बांधाची रेघ शेतातच, पाणी भरलेल्या नळीने पातळी घेऊन आखली पाहिजे. परंतु कोणत्या डोंगराचे पाणी कोणत्या ओढ्यास मिळते, हे नकाशाच सांगतो. आणि वरच्या शेतकऱ्याचा खालच्याशी संबंध काय, तेही त्यावरूनच कळते.

याकरिता प्रत्येक ग्रामपंचायतीत हा नकाशा भिंतीवर असावा, आणि बांध घालण्यापूर्वी वरच्या व खालच्या शेतकऱ्यांनी तो एकत्र बसून पाहावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.