जुनी गाडी, कोणते तेल?

श्रीगोंद्यातल्या एखाद्या गॅरेजसमोर पंधरा-वीस वर्षांची मारुती ऑइल बदलायला उभी राहिली, की मेकॅनिकचा प्रश्न ठरलेला असतो : साधे टाकायचे की सिंथेटिक? मालक गोंधळतो. सिंथेटिकचा डबा साध्याच्या दुप्पट, कधी तिप्पट किमतीचा. शेजारचा सांगतो, जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकले की सील गळायला लागतात. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा फोनवर म्हणतो, साधे तेल आता कोण वापरते? गाडी तर अशी, की आठवड्यातून दोनदा तिच्यात लिंबाच्या गोण्या जातात, एखाद्या रात्री दौंडला किंवा नगरला पेशंट न्यावा लागतो आणि लग्नसराईत अख्खे घर बसते. तिचे इंजिन बसले, तर दुरुस्तीचा आकडा ऐकूनच गाडी भंगारात घालावीशी वाटते. त्यात १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. जुनी गाडी सांभाळणाऱ्याला तेलाचे पैसे कुठे घालायचे याचा हिशेब करावाच लागतो आणि त्या हिशेबात सिंथेटिकचे पारडे वाटते तितके जड नाही.

मुळात ही दोन तेले एकमेकांपासून फार लांबची नाहीत. डब्यातला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग मूळ तेलाचा असतो. उरलेला मळ धरून ठेवणाऱ्या, झीज आणि गंज रोखणाऱ्या रसायनांचा. साध्या तेलाचे मूळ तेल कच्च्या खनिज तेलातून शुद्ध करून काढतात, त्यामुळे त्यात लहान-मोठे, सरळ-वाकडे सगळ्या प्रकारचे रेणू राहतात. सिंथेटिकचे रेणू कारखान्यात घडवलेले, बरेचसे एका मापाचे. निदान पूर्वी अर्थ तसा होता. नव्वदच्या दशकात अमेरिकेत कॅस्ट्रॉलने खनिज तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून केलेले तेल ‘सिंथेटिक’ म्हणून विकायला काढले. मोबिलने जाहिरातींच्या खरेखोटेपणावर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेकडे तक्रार केली. १९९९ मध्ये निकाल लागला तो कॅस्ट्रॉलच्या बाजूने. आज दुकानात ‘फुल सिंथेटिक’ म्हणून मिळणारे बरेच तेल याच जातीचे असते. ते वाईट नाही, चांगलेच आहे. पण डब्यावरचा हा शब्द रसायनशास्त्रापेक्षा बाजाराचा जास्त, हे लक्षात ठेवलेले बरे.

सिंथेटिक सरस आहे, यात वाद नाही. अमेरिकेतल्या ‘एएए’ या मोटारमालकांच्या संघटनेने २०१७ मध्ये दोन्ही तेलांच्या ठरावीक चाचण्या करवून घेतल्या, तेव्हा सिंथेटिक सरासरी ४७ टक्क्यांनी सरस ठरले. उष्णतेत टिकणे, गाळ कमी धरणे, कडाक्याच्या थंडीत वाहते राहणे या त्यातल्या कसोट्या. यातली थंडीची कसोटी श्रीगोंद्यात जवळजवळ निरुपयोगी आहे. डब्यावर ‘२०डब्ल्यू-४०’ लिहिलेले असते, त्यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. एसएईच्या मानकाप्रमाणे ‘२०डब्ल्यू’ तेल उणे १५ अंशांवरही इंजिन फिरू देईल इतपत पातळ असावे लागते. ‘५डब्ल्यू’ची हीच परीक्षा उणे ३० अंशांवर होते. कॅनडातल्या माणसाला हा फरक जीवनमरणाचा. श्रीगोंद्यात पौषातल्या पहाटे पारा दहाच्या आसपास आला तरी शेकोट्या पेटतात. दुसरा आकडा, म्हणजे ४०, हा १०० अंशांवर तेलाचा दाटपणा किती राहतो ते सांगतो आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या गावाला कामाचा आकडा तोच. तो साध्या आणि सिंथेटिक दोन्ही डब्यांवर सारखा असेल, तर गरम इंजिनात तेलाचा दाटपणाही एकाच पट्ट्यात राहतो.

राहिला टिकाऊपणा. सिंथेटिकसाठी जास्त पैसे मोजायचे ते मुख्यतः यासाठी, की ते १०,००० किलोमीटर किंवा त्याहून जास्त चालते. पण हा हिशेब धडधाकट इंजिनाचा. नव्या इंजिनात तेल हळूहळू उष्णतेने आणि हवेने म्हातारे होते. जुन्या इंजिनात त्याला म्हातारे व्हायला वेळच मिळत नाही. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात, त्यांच्या फटीतून जळालेला वायू, काजळी आणि न जळलेले पेट्रोल खाली तेलात उतरते. कार्बोरेटरच्या मारुतीत चोक ओढून गाडी सुरू केली, की हे आणखी वाढते. एक लिटर पेट्रोल जळले, की साधारण तेवढेच पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडते, पण थोडे रिंगांवरून आत शिरते. गाडी नगरपर्यंत जाऊन आली, तर तेल चांगले तापते आणि हे पाणी उडून जाते. घरापासून बाजारतळापर्यंत आणि परत, एवढीच रोजची फेरी असेल तर ते आतच राहते. तेल भरायच्या टोपणाखाली ताकासारखा पांढुरका थर दिसतो तो बहुधा त्याचाच. रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासायला हवे.

पेट्रोल, पाणी, काजळी आणि धूळ यांनी तेल खराब होत असेल, तर ते महागडे असल्याने फारसा फरक पडत नाही. त्यावर इलाज एकच, ते काढून टाकणे. म्हणूनच झिजलेल्या, टर्बो नसलेल्या इंजिनासाठी योग्य ग्रेडचे साधे तेल दर ५,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, फिल्टरसह बदलणे हे सिंथेटिक टाकून वर्ष-दीड वर्ष विसरून जाण्यापेक्षा शहाणपणाचे. आणि सिंथेटिक टाकणारे नेमके विसरतात. ‘भारी ऑइल आहे, चालेल अजून’ या वाक्याने अनेक इंजिने संपवली असतील.

धुळीचे तर वेगळे सांगायला हवे. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाणारी गाडी जी धूळ ओढते, तिच्यात सिलिकाचे बारीक कण असतात. तो दगडच. एअर फिल्टर फाटका असेल किंवा नीट बसवलेला नसेल, तर ते कण सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिश पेपरसारखे घासतात आणि तिथून तेलात येऊन बेअरिंगपर्यंत पोहोचतात. सिंथेटिकच्या डब्यावर जास्तीचे हजार रुपये घालणारा माणूस एअर फिल्टर मात्र हवा मारून मारून तीन हंगाम वापरतो, हे चित्र उलटे आहे. हवेच्या झोताने फिल्टरच्या कागदाला बारीक छिद्रे पडतात, ती डोळ्यांना दिसतही नाहीत.

तितकेच दुर्लक्ष डिपस्टिककडे. जुने इंजिन थोडे तेल खातेच. पट्टीवरच्या दोन खुणांमधले अंतर बऱ्याच मोटारींत एक लिटरच्या आसपास असते. मारुती ८०० सारख्या गाडीच्या चेंबरमध्ये तेल असते तीनेक लिटर. त्यातले एक संपले, तर उरलेल्या दोन लिटरवर तिप्पट काम पडत नसले तरी दीडपट पडतेच. पंधरा दिवसांतून एकदा, सपाट जागी, थंड इंजिनावर पट्टी पुसून बघणे एवढेच करायचे. तेल काळे दिसले म्हणून घाबरू नये. डिझेल गाडीत नवे तेल शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये काळे होते. काजळी धातूवर बसू न देता स्वतःत धरून ठेवणे हे तेलातल्या रसायनांचे कामच आहे.

सील गळण्याची भीती पूर्ण खोटी नाही, पण जुनी आहे. सत्तरच्या दशकातली पहिली सिंथेटिक तेले रबराच्या सीलांना मानवत नव्हती. पुढे तेलांची घडण बदलली. आता गळती दिसते ती बहुतेकदा आधीच झिजलेल्या सीलची. तिथे साचलेल्या गाळाने बूच मारलेले असते. नव्या, स्वच्छ आणि पातळ तेलाने ते निघते. म्हणजे सिंथेटिक आजार देत नाही, लपलेला दाखवते. तरीही कधीच वेळेवर तेल न बदललेल्या इंजिनात ते एकदम टाकू नये. टाकलेच तर हजार-दीड हजार किलोमीटरवर पुन्हा फिल्टरसह बदलावे, नाहीतर सुटलेला गाळ तेल ओढणारी जाळी तुंबवू शकतो.

‘जुनी गाडी’ म्हणताना मात्र सगळ्याच गाड्या एका पंक्तीला बसवता येत नाहीत. २०१२ ची डिझेल स्विफ्टही आता जुनीच म्हणायची. तिला टर्बो आहे. अशा छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि घाट चढून आलेली गाडी लगेच बंद केली, तर त्या तापलेल्या दांड्यावर साधे तेल करपून कोळसा होते. टायमिंग चेन ताणून धरणारा भागही तेलाच्या दाबावर चालतो. इथे पुस्तिकेत सांगितलेल्या पातळ सिंथेटिकऐवजी दाट साधे तेल घालणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. पैसे वाचवायला आवाज करणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. त्याने आवाज दबतो आणि गाडी विकेपर्यंत दबलेला राहतो, एवढाच त्याचा उपयोग.

इथवर हिशेब इंजिनाचा झाला. साध्या तेलाची बाजू लंगडी पडते ती दुसऱ्याच ठिकाणी. वर्षातून दोनदा तेल बदलायचे, म्हणजे एका छोट्या मोटारीमागे सहा लिटर जळके ऑइल. ते जाते कुठे? गावोगाव ते वाळवी लागू नये म्हणून दारा-चौकटींना फासतात, स्लॅबच्या फळ्यांना लावतात, गोचिडांवर उपाय म्हणून जनावरांच्या अंगालाही चोळतात. जनावर अंग चाटते, आणि वापरलेल्या तेलातले जड धातू त्याच्या पोटात जातात. उरलेले ओढ्यात किंवा गटारीत.

इंजिनात तापून आलेल्या तेलात काजळीबरोबर बहुचक्रीय कर्बसंयुगे जमा होतात. पेट्रोल इंजिनातले वापरलेले तेल उंदरांच्या कातडीला लावल्यावर गाठी झाल्याचे पुरावे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहेत. कमी शुद्ध केलेली खनिज तेले तर तिने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्याच गटात ठेवली आहेत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला लँकेशायरच्या सूतगिरण्यांतल्या कामगारांना मांड्यांवर आणि जननेंद्रियावर सतत उडणाऱ्या तेलातूनच कातडीचा कर्करोग झाल्याचे लक्षात आले. गॅरेजमधला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा तेलाने भिजलेले फडके पँटच्या खिशात कोंबतो आणि हात पेट्रोलने धुतो, तेव्हा तो त्याच वाटेने चाललेला असतो. पेट्रोल कातडीचे स्वतःचे तेल काढून घेते आणि विषाला दार उघडते. हातमोजे, साबण आणि फडके ठेवायला डबा, एवढे तरी गॅरेजमालकाने द्यावे. साधे असो वा सिंथेटिक, वापरल्यानंतर दोन्ही सारखेच घातक.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा हिशेब असा, की एक लिटर जळके तेल दहा लाख लिटर पाणी पिण्यालायक ठेवत नाही. घोड आणि कुकडीच्या पाण्यावर जगणाऱ्या तालुक्याने तो डोळ्यांआड करू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून त्यावर प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवर आहे. हा नियम तालुक्याच्या गॅरेजपर्यंत पोहोचायचा, तर नगरपरिषदेने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने श्रीगोंदा, काष्टी, बेलवंडी अशा ठिकाणी झाकणाची पिंपे ठेवून ती परवानाधारक प्रक्रिया केंद्राला नेऊ द्यावीत. विक्रेत्याने नवा डबा देताना जुने तेल परत घ्यावे आणि त्याच्या किमतीत दहा-वीस रुपयांची सूट द्यावी. भंगारवाला आजही जळक्या तेलाला पैसे देतो, म्हणजे त्याला किंमत आहेच. फक्त ते कोणाच्या हाती जाते हे कोणी विचारत नाही.