तराजूविना राक्षस

फाशांच्या खेळात राक्षस आला म्हणून मुलांचा धर्म बुडेल, असे आम्ही मानत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती उपदेशकांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाला सैतानाची शाळा ठरवले. तो कांगावा होता. चार मित्रांनी एकत्र बसून कथा रचावी, प्रत्येकाने एक पात्र व्हावे, यात निषिद्ध काय? आमचा आक्षेप निराळा आहे.

प्राचीन इजिप्तच्या कल्पनेतील ‘अम्मित’ ही आत्मभक्षिणी अशा खेळांत शिरली आहे. तिचे डोके मगरीचे, पुढचे अंग सिंहाचे आणि मागचे पाणघोड्याचे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आनी नावाच्या लेखनिकाचा पपायरस आहे, तो इ. स. पूर्व १२५० च्या सुमाराचा. त्यातील चित्र पाहा. तराजूच्या एका पारड्यात मृताचे हृदय, दुसऱ्यात सत्याची देवता मात हिचे पीस. अनुबिस काटा तपासतो, थोथ निकाल लिहितो आणि त्याच्या मागे अम्मित बसून राहते. ती कोणावर झेप घेत नाही, कोणाची शिकार करत नाही. हृदय पापाने जड ठरले, तरच ते तिचे भक्ष्य होते. निकालाआधी तिला दात असून नसल्यासारखे!

खेळाने यातले काय घेतले? १९७४ साली निघालेल्या या खेळाच्या १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथात इजिप्तच्या देवदेवतांना, इतकेच नव्हे तर आपल्याकडील इंद्रालाही, प्राणशक्तीचे आकडे बहाल झाले. ज्याला आकडा मिळाला, त्याला मारता येते. त्याच रीतीने अम्मितचे दात आणि नखे राहिली. तराजू मात्र गेला. जिच्यासमोर स्वतःचे हृदय ठेवायचे, तिच्यावर आता तलवार चालवायची. पाप बाहेर, शत्रू बाहेर; आपले हृदय मात्र कोणी तोलायचे नाही. ही सोय आम्हांला राक्षसापेक्षा भयंकर वाटते.

कोणी म्हणेल, यवतमाळ जिल्ह्यातील वाचकाला इजिप्तच्या राक्षसिणीचे काय? आम्ही म्हणतो, या कापसाच्या मुलखाइतका तिचा अर्थ कोणाला कळणार! ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वर्षभराचा घाम काट्यावर चढतो, तेव्हा काटा खरा की खोटा यावर घरची चूल ठरते. ‘मृतांचा ग्रंथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इजिप्तच्या संहितेतील १२५ व्या प्रकरणात मृताला जी ग्वाही द्यावी लागते, तिच्यात खून-चोरीच्या बरोबरीने हेही आहे की, मी वजनकाट्यात लबाडी केली नाही, तान्ह्या मुलांच्या तोंडचे दूध काढले नाही, वाहते पाणी अडवले नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मूर्तिपूजकांना परलोकाच्या दारातही बाजारातला काटा आठवत होता. मग आपण तो का विसरावा? मध्ययुगीन युरोपातील चर्चच्या भिंतींवर देवदूत मिखाएल आत्मे तोलताना दिसतो आणि काही चित्रांत सैतान पारडे खाली ओढताना. दुष्टाचे खरे काम तेच आहे : तो तराजूला झोंबतो.

भय दाखवून मुले सुधारतात, असा आमचा दावा नाही. परंतु निवाड्याविना उरलेले भय म्हणजे केवळ करमणूक आणि निवाड्याविना मिळवलेला विजय म्हणजे केवळ मारामारी. म्हणून खेळ रचणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच : अम्मितला खुशाल आणा, पण तिच्याआधी तराजू आणा. तुमच्या शूर वीराला आधी विचारा की, वाटेत त्याने कोणाला लुबाडले, कोणता शब्द मोडला, कोणाचे माप मारले. त्याचे उत्तर पारड्यात पडू द्या. फासे त्यानंतर टाका. खेळ अधिक अवघड होईल, हे आम्ही जाणतो. तो तसाच असायला हवा.