जुनी गाडी घेताना, विकताना

यवतमाळ जिल्ह्यात आपल्या घरांतून जुन्या मोटारसायकलची घेवाणदेवाण नेहमीचीच. गाडी जुनी होते तशी किंमत उतरते. विम्याच्या हिशेबात सहा महिने उलटले की १५ टक्के, चार वर्षे उलटली की ५० टक्के घट धरतात.

१९८५ ते १९९६ या काळात आपल्या देशात बनलेली यामाहा आरएक्स १०० मात्र याला अपवाद. इंजिन ९८ सीसीचे, गाडी हलकी, पिकअप जोरदार आणि नवी मिळत नाही. म्हणून चांगल्या गाडीला मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव सांगतात. हा भाव हौसेचा आहे. रोज कामावर जायला ती परवडत नाही. पेट्रोल जास्त पिते, वर ऑइलही मागते. पोराने हट्ट धरला तरी घरची बचत त्यात घालू नका, असे आम्ही सांगू.

उलट घरात अशी गाडी पडून असेल, तर भंगाराच्या भावात देऊ नका. विकल्यावर फॉर्म २९ व ३० भरून आरटीओत नाव बदलूनच घ्या. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. आरसी बुकावर तुमचे नाव राहिले, तर अपघात दुसऱ्याचा आणि भरपाई तुमच्या माथी.